दांड्याला अभिषेक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळकृष्ण कर्णिक वकिलांनी जीपची किल्ली फिरवली आणि जीप काहीच बोलली नाही. खाकरली नाही, कण्हली नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. वकील आधीच उदास प्रकृतीचे. त्यांना वाटलं, आपल्याशी न बोलणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली.

पहिले न बोलणारे म्हणजे त्यांचे थोरले बंधू दत्तोपंत. वडील गेल्यावर रिवाजाप्रमाणे घरचे देव थोरल्याकडे राहिले. चौक गावात हमरस्त्यावर बिऱ्हाड थाटताना गोपाळकृष्णांनी त्यातला निदान एक बाळकृष्ण मागितला. "देव म्हणजे काय वाटणीची भांडी वाटली तुला?" असं दादा म्हणाले. त्यावर गोपाळकृष्णही काहीतरी म्हणाले, आणि त्यानंतर बरीच वर्षं कोणीच काही म्हणालं नाही. दादा आत शेतांपलीकडच्या गावी एकटेच देवांचं करीत राहिले. चौकच्या घरात देव्हाऱ्यात नुसती एक तसबीर होती.

आता दादांच्या पोटात काहीतरी वाढलं होतं. लवकर कापायला हवं, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दादांचा शेजारी कोंडाजी दसऱ्याच्या आधी ही बातमी घेऊन आला.

"दादांनी पाठवलं?" वकिलांनी आशेनं विचारलं.

"छ्या! मीच आलो. वाटंला गुडघाभर चिखल हाय, येष्टी काय आत येत नाय. तुमची ती चारी चाकांनी वढणारी गाडी तेवढी येईल."

"पण बसतील का ते माझ्या गाडीत?"

"इचारलं मी. गाडीत बसतील. गाडीवर त्यांचा राग नाय. तुमी तेवढे येऊ नका."

एवढी आजारी अवस्था, आणि तरी माणसाचा राग जागच्या जागी! पण भाऊ आपल्या गाडीत बसणार, हेही काही थोडं नव्हतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी गाडी पाठवायचं ठरलं.

ही जीप परदेशी होती. खोपोलीकडच्या एका कारखान्याचं काम आटोपून गोरे इंजिनिअर मायदेशी गेले तेव्हा वकिलांनी ती घेतली. तिला क्लच नव्हता. गिअर तिचे तीच बदलायची, माणसाच्या हाती फक्त एक दांडा: पुढे जायचं, मागे जायचं की उभं राहायचं, एवढं तिला सांगण्यापुरता. ड्रायव्हर भिवाजीच्या डाव्या पायाला त्यामुळे कामच उरलं नव्हतं. तो पाय मांडीखाली घेऊन तो खिन्न चेहऱ्यानं गाडी चालवायचा.

दसऱ्याला पूजेचं ताट घेऊन सरोजिनीबाई गाडीपाशी आल्या. "भिवाजी, पूजा नेमकी कशाची करू रे?"

"हिचा समदा जीव ह्या दांड्यात हाय, वैनी."

सरोजिनीबाईंना भरून आलं. तसबिरीला अभिषेक घालता येत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांचं मन त्यासाठी आसुसलेलं होतं. त्यांनी आत जाऊन दूध, दही, तूप, मध आणि साखर कालवली आणि पळीपळीनं, डोळे मिटून, सगळं पंचामृत दांड्यावर सोडलं. "भाऊजींना सुखरूप आण रे बाबा," असं त्यांनी दांड्याला सांगितलं. दांड्यानं शेवटचा थेंबसुद्धा वाया घालवला नाही. सगळं मुळाशी आत जिरलं.

आणि सकाळी ही तऱ्हा.

"धक्का मारू," भिवाजी म्हणाला. नाक्यावरची माणसं जमली. चहावाला आला, वाण्याचा मुलगा आला, एस.टी.ची वाट बघणारे दोघे पिशव्या ठेवून आले. सगळ्यांनी गाडी लोधिवलीच्या वाटेला लागेपर्यंत ढकलली. एस.टी. येऊन निघून गेली. शेवटी लोधिवलीचा मेकॅनिक हिरामण सायकलवरून समोर आला आणि उतरून बघत राहिला.

"क्लच नाय त्या गाडीला धक्का मारून काय व्हनार? देवळाला धक्का मारल्यावानी हाय ते."

गाडी तितक्याच माणसांनी परत ढकलत आणली. हिरामणनं बॅटरी पाहिली, ती ठणठणीत होती. दिवे लागत होते. किल्लीपाशी वीज येत होती, पण स्टार्टरपर्यंत पोचत नव्हती.

"मधी दांड्यापाशी आडतीय," तो म्हणाला. "दांड्याखाली खटका हाय. दांडा उभं राहायच्या जागी असंल तरच तो वीज पुढं सोडतो. गाडी एकदम उडी मारू नये म्हनून सोय केलीय."

त्यानं दांडा पुढे-मागे गदगदा हलवला. पंधरा-वीस हिसक्यांनंतर किल्ली फिरवली आणि जीप सुरू झाली. तोवर ऊन कललं होतं. वकिलांनी लगेच दादांच्या गावी निरोप धाडला, की उद्या सकाळी गाडी नक्की येते.

संध्याकाळी सरोजिनीबाईंनी कृतज्ञतेपोटी दुसरा अभिषेक केला. या वेळी मध जास्त घातला.

सकाळी जीप पुन्हा मुकी. हिरामणनं हिसके दिले, भिवाजीनं दिले, वकिलांनीही दिले. तिकडे दादा धुतलेलं धोतर नेसून पडवीत बसले असतील, रस्त्याकडे बघत असतील, हे वकिलांना डोळ्यांपुढे दिसत होतं. आपल्याला शब्दसुद्धा पाळता येत नाही असं दादांना वाटणार, आणि त्यात खोटं तरी काय, असा विचार मनात येऊन त्यांना रडूच कोसळायचं बाकी होतं. तेवढ्यात त्यांना मांडीला कडकडून मुंगी चावली. मग दुसरी. खाली बघतात तो दांड्याच्या बुडाशी मुंग्यांची रांगच लागलेली. त्यांनी तिथं बोट फिरवलं, हुंगलं आणि उलटतपासणीची सवय म्हणून चाखून पाहिलं.

"मध आहे," ते म्हणाले. "तूपही आहे. साजूक."

सरोजिनीबाई पदराशी चाळा करू लागल्या.

"अगं, तू गाडीला जेवायला घातलंस?"

"अहो, मग अभिषेक करायचा तरी कुणाला? तुमच्या घरात धुवायला एक देव नाही!"

हिरामणनं दांड्याचं बूड उघडलं. खटका तुपात थिजला होता. "हा आता धुऊन-सुकवून चार दिस घेनार," तो म्हणाला. "त्यापरीस त्याला वगळतो." त्यानं दोन तारा उपटून एकमेकींना पिळल्या. "घ्या. आता ही कुठं बी चालू व्हईल."

एवढ्या हिसक्यांनंतर दांडा नेमका कुठे राहिला होता, ते कोणीच पाहिलं नाही. भिवाजी फाटक उघडायला धावला. वकिलांनी अधीरपणे स्वतःच किल्ली फिरवली.

त्याच वेळी फाटकाबाहेर चौघांच्या खांद्यावर एक खाट येऊन थांबली होती. कालपासून वाट बघून दादा कंटाळले होते, आणि कोंडाजीनं माणसं जमवून त्यांना चिखलातून एस.टी.च्या थांब्यावर आणलं होतं. थांबा वकिलांच्या दाराशीच. दादांनी घराकडे पाठ केली होती.

जीप जिवंत झाली ती मागल्या गिअरमध्ये. एका उडीत फाटक ओलांडून ती रस्त्यावर आली. "आई गं!" म्हणून चौघे चार दिशांना पांगले. खाट खाली आली आणि तिच्यावरून, कित्येक दिवस कूस बदलायला दोन माणसं लागणारे दत्तोपंत धोतर सावरत उडी मारून जे पळाले, ते थेट धाकट्या भावाच्या ओटीवर जाऊन पोचले. जीप खाटेचा चुरा करून थांबली.

वकील खाली उतरले.

"गोप्या!" दादा ओरडले. "ठार मारतोस की काय रे?"

गोपाळकृष्ण तिथंच उभे राहिले. इतक्या वर्षांनी दादा त्यांच्याशी बोलले होते, आणि तेही "गोप्या" म्हणून.

"नाही, दादा," ते कसंबसं म्हणाले.

दादांची उसनी ताकद तेवढ्यात संपली. ते पोट धरून भिंतीला टेकले. चेहरा पांढरा पडला. सरोजिनीबाई पाणी घेऊन धावल्या.

"भिवाजी, दांडा बघ! गाडी वळव!" वकील ओरडले.

"गाडीचं नाव काढू नकोस." दादांनी डोळे मिटले होते. "मी येष्टीनंच जाणार."

"बरं, दादा. कोंडाजी आहे सोबतीला. मी येत नाही. तुम्ही म्हणाला होतात ना..."

लांबून एस.टी.चा आवाज येऊ लागला.

"तिथं दवाखान्यात कागदावर सही लागते म्हणे," दादा म्हणाले. "मी टेबलावरून उठलो नाही, तर पुढचं बघायला घरचं माणूस लागतं. कोंडाजी घरचा आहे का?"

गोपाळकृष्ण चपला शोधू लागले. त्या दोन्ही पायांतच होत्या.