हवालदार खोतांचं अपील

"या वेळी अपील जिंकलंच समजा!" स्नेहलताबाईंनी झाशीच्या अख्ख्या सदर बाजारात सांगून टाकलं होतं. भाजीवाल्या भैयालासुद्धा!

बाईंचे यजमान गोपाळराव खोत तोफखान्यातले निवृत्त हवालदार. जवळच्या बबीना छावणीतल्या सरावात तोफेचं चाक गुडघ्यावरून गेलं, तेव्हापासून बिचारे वरच्या मजल्यावरून बसून एकेक पायरी जिना उतरायचे. घरमालकांनी तळमजल्याच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. पण भाडं परवडायचं तर अपंगत्वाची पेन्शन हवी, आणि अर्ज तर नामंजूर!

का? तर मेडिकल बोर्डात मेजरसाहेबांनी विचारलं, "कोई तकलीफ?" आणि गोपाळराव छाती काढून गरजले, "नहीं साहब!" अहो, फौजेत साहेबाने दरबार भरवून हा प्रश्न टाकला की अख्खी पलटण हेच ओरडते. तकलीफ असली तरी! जन्मभराची सवय, ती काय बोर्डापुढे सुटणार?

तेव्हा बाईंनी घरातच परेड लावली. पोळ्या लाटता लाटता ओरडायच्या, "कोई तकलीफ?"

"नहीं सा..."

"अहो!"

"है साहब!"

आंघोळीला गेले की मोरीच्या दाराशी तेच, जेवायला बसले की तेच. गोपाळराव असे काही तयार झाले, की दूधवाल्याने "आधा लीटर?" विचारलं तरी उत्तर, "है साहब!"

अपिलाच्या दिवशी बाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं, कान आत. आणि आत पुन्हा तेच मेजरसाहेब!

"कोई तकलीफ?"

"है साहब!"

बाहेर बाईंनी मूठ आवळली. जिंकलं!

"घुटने में?"

"है साहब!"

"फौज में आने से पहले भी थी?"

"है साहब!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. भरतीआधीची दुखापत म्हणजे पेन्शनच्या नावाने शंख!

"अरे, आपका नाम क्या है?"

"है साहब!"

मेजरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "तोपखाने के हैं ना? इनके तो कान गए!"

झालं! गुडघा राहिला बाजूला आणि कानाला तपासणीचं यंत्र लागलं. साहेब म्हणाले, "सीधे बैठिए, हिलिए मत. आवाज आए तो उँगली उठाइए."

आता साहेबाने 'हिलिए मत' म्हटल्यावर तोफखान्याचा हवालदार बोट हलवेल? गोपाळराव ताठ बसले ते बसलेच. यंत्रात शिट्ट्या झाल्या, घंटा झाल्या, शेवटी यंत्र किंचाळायला लागलं. नाकावर माशी बसली, तीही कंटाळून उडाली. बोट जागचं हललं नाही!

न राहवून बाई आत घुसल्या. "साहब जी, कान एकदम अच्छा है इनका! घुटना देखो ना, घुटना!"

"बहन जी, इसमें शरमाना कैसा?" साहेब मायेने म्हणाले. "सब घरवाले ऐसे ही छुपाते हैं."

निकाल आला. गुडघा भरतीआधीचा, नामंजूर. कान तोफांनी गेले, मंजूर!

सामान खाली आलं. गोपाळराव बसत बसत शेवटची पायरी उतरले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता पुन्हा चढणं नाही! बाईंनाही भरून आलं, पण मन खात होतं. चहा देताना त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला तर मुंगी चाललेली ऐकू येते. साहेबांना जाऊन खरं सांगायला नको?"

"काय बोलतेस!" गोपाळराव हादरले. "साहेबाने लिहिलंय बहिरा, म्हणजे बहिरा! साहेबाला खोटं पाडू?"

"बरं बाई. मग आता जिना नाही, काही नाही. उठा, पिशवी घ्या आणि कोपऱ्यावरून भाजी आणा!"

गोपाळरावांनी शांतपणे पेपरचं पान उलटलं.