नासरे काकाजींचा निकाल

नासरे काकाजींच्या हातात कुठलाही कागद द्या, ते तो आधी उजेडाकडे धरतात. वाचायचं नंतर. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, की शेजारच्या मुलीचं प्रगतिपुस्तक असो. कागद दोन्ही हातांच्या चिमटीत, हात कपाळाच्या वर, एक डोळा बारीक आणि ओठ आत ओढलेले. माझ्या भाचीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेले, तेव्हा त्यांनी ती खिडकीकडे धरून इतका वेळ पाहिली की या लग्नात काहीतरी खोट निघणार असं मला वाटायला लागलं. शेवटी "बरी आहे" म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि लग्नाची तारीख मलाच विचारली.

काकाजींनी बत्तीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचे हात अजून नोकरीतच आहेत. पिपरी मेघे गावात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ते एकटे राहतात. वत्सलाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मी या कॉलनीत राहायला येण्याआधीच गेल्या. त्यांच्याविषयी काकाजी कधी बोलत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

निरोपाच्या समारंभात सोबतच्या लोकांनी त्यांना कॅमेरा दिला आणि काकाजी फोटोग्राफर झाले. म्हणजे यंत्र बदललं, बाकी सगळं तेच राहिलं. फोटो काढताना सगळं जग "हसा" म्हणतं. काकाजी म्हणतात, "दम घ्या... धरा... हालू नका..." आणि मग "सोडा." एकदा कॉलनीतल्या सत्यनारायणाच्या पूजेत ते "सोडा" म्हणायचं विसरले. यजमान बिचारे आज्ञाधारक. लालबुंद होऊन तसेच बसले, शेवटी त्यांच्या बायकोनं पाठीत धपाटा घातला तेव्हा श्वास सुटला.

त्याहून मोठा गोंधळ एका लग्नात झाला. नवरा-नवरी नुकतेच बोहल्यावरून उतरले होते. काकाजी कॅमेरा घेऊन पुढे झाले आणि सवयीनं नवरीला म्हणाले, "गळ्यातलं काढून ठेवा बाई." मंगळसूत्र बांधून पाच मिनिटंही झाली नव्हती. नवऱ्या मुलाच्या आईनं असा काही आवाज चढवला की वाजंत्रीवाले थांबले. काकाजी हात जोडून म्हणत होते, "मले वाटलं, फोटोत आडवं येईन!" तेव्हापासून त्यांना लग्नात कोणी जेवणाआधी बोलावत नाही.

असा हा माणूस आमच्या छायाचित्र मंडळाचा परीक्षक झाला, आणि माझी झोप उडाली.

मी व्यवसायानं ग्रंथपाल आणि स्वभावानं काळजीवाहू. मंडळाची सचिव मीच. आम्ही बाराजण हौशी आहोत. दर महिन्याला एक विषय ठरतो, बक्षीस म्हणजे टाळ्या. रीत अशी की मागच्या महिन्यात जो जिंकला, त्यानं या महिन्यात परीक्षक व्हायचं. मागचा विषय होता 'बाजार'. सगळ्यांनी गर्दी टिपली, काकाजींनी तराजूचं एक रिकामं पारडं टिपलं आणि ते जिंकले. टाळ्या वाजत असतानाच त्यांना रीत आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा पडला.

या वेळचा विषय होता 'पाठीमागून उजेड'. सूर्य किंवा दिवा फोटोतल्या वस्तूच्या मागे पाहिजे, एवढीच अट. मला वाटलं, काकाजींसाठी याहून सोपं काय? आयुष्यभर त्यांनी मागून उजेड टाकूनच तर पाहिलं. पण विषय कळवल्यावर अर्ध्याच तासात त्यांचा फोन आला.

"ताई, मी पायतो सारे फोटो. पण निकाल तुम्ही सांगा."

"काऊन?" माझ्याही तोंडून वऱ्हाडीच निघालं.

"मी कधी कोणाले सांगतलं नाई. बत्तीस वर्षं आमचं एकच वाक्य. काढाचा, वाळवाचा, आणि मानूस विचारन का भाऊ, काय दिसते, तर म्हनाचं, डॉक्टर सांगतील. आमाले दिसे सारं. पण सांगाचा हक नव्हता."

मी समजूत घातली. हे फोटो आहेत, कोणाची हाडं नाहीत, वगैरे. खरं म्हणजे निकाल मी जाहीर केला असता तर काय बिघडलं असतं? पण मलाही ते नको होतं. गेल्या वर्षी एका परीक्षकानं एका फोटोला 'झेरॉक्स' म्हटलं आणि आठजण मंडळ सोडून गेले. अजून रस्त्यात भेटले की ते माझ्याकडे असे बघतात, जसं काही मीच म्हटलं होतं. तेव्हा रीत म्हणजे रीत, असं ठणकावून मी फोन ठेवला आणि रात्रभर तळमळले.

काकाजींनी फोनवर फोटो बघायला साफ नकार दिला. "फोनातला फोटो सोताच उजेड मारते. मंग मी काय पाहू?" म्हणून मी अकराही फोटो कागदावर छापून घेतले. नेहमीचा स्टुडिओ बंद होता, त्यामुळे साध्या कागदावर. मागे प्रत्येकाचं नाव लिहिलं आणि परीक्षकाला दिसू नये म्हणून त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली. माझ्या चोख कामाचा मला अभिमान वाटला. तो बुधवारपर्यंत टिकला.

बुधवारी त्यांच्याकडे गेले, तर पुढच्या खोलीच्या खिडकीत दोरी बांधलेली, आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी अकरा फोटो टांगलेले. मागून सकाळचं ऊन. प्रत्येक फोटोच्या मधोमध, उलट्या अक्षरांत, पण स्वच्छ वाचता येईल असं माझ्या हस्ताक्षरातलं नाव.

"सगळ्यांची नावं दिसून राह्यली," काकाजी अपराध्यासारखे म्हणाले. "मी पाह्यलंच नसतं. पण दिसलं तं काय करू?"

मी डोकं धरून बसले. काकाजी माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत होते. त्यांनी दोन दिवसांत दाढी केली नव्हती. एकेका फोटोपुढे उभे राहून ते मला दाखवत होते. अकरापैकी सात फोटोंत सूर्य मावळत होता. एका झाडाच्या फोटोपुढे थांबून त्यांनी विचारलं, "याचा बाजूनं काढलेला नाई का?" मी नाही म्हटलं. "एकाच बाजूनं पाहून कसं सांगाचं?" त्यांनी मान हलवली.

खरी भीती पुढे होती. तळहातावर सूर्य ठेवल्यासारखा दिसणारा एक फोटो होता, तो ठाकरे सरांचा. ठाकरे सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना आजवर प्रत्येक स्पर्धेत काही ना काही मिळालंय, कारण न देण्याची कोणाची छाती झाली नाही. आणि गेल्या दिवाळीत हृदयविकारापायी सरांच्या स्वतःच्या छातीत जाळी बसवली.

"असे फोटो मी लय पाह्यले," काकाजी कुजबुजले. "नंबर नाई लागत याचा. पण सरले कसं सांगू? त्याईच्या तब्येतीले काही झालं तं?"

"दुसरा नंबर द्या," मी भित्रेपणानं सुचवलं.

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, पण मला लाज वाटली.

शुक्रवारी मी पुन्हा गेले. निकाल झाला नव्हता. चहा दिला, त्यात साखर नव्हती आणि ते त्यांना कळलंही नाही. शनिवारी फोन उचलला नाही. मी मनातल्या मनात मंडळ बरखास्त करून टाकलं.

रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात सगळे जमले. तर्री पोह्यांचा वास सुटला होता. काकाजी आले, दाढी केलेली, पांढरा शर्ट, काखेत फोटोंचा मोठा लिफाफा. ते थेट बाजूच्या छोट्या खोलीत गेले. जुनी वर्तमानपत्रं ठेवायची ती खोली, पूर्वेला एक खिडकी. दारातून डोकं बाहेर काढून त्यांनी हाक मारली, "एक-एक जन या. बाकीचे बाहेर बाकावर बसा. पयले ठाकरे सर."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सर उठले, आत गेले. दार लागलं.

दहा मिनिटं झाली. बाकावर नऊजण बसले होते. कोणीतरी उगाच खोकलं. मी पाण्याचा पेला भरून दाराशी उभी राहिले. शेजारच्यानं विचारलं, "कोणासाठी?" मी दाराकडे मान वळवली.

दार उघडलं. सर बाहेर आले, चष्मा पुसत. माझ्या हातातला पेला घेऊन पाणी प्यायले.

"नंबर नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "माझा हात कापतो, ते त्याला फोटोत दिसलं. घरी मी अजून कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडे जा म्हणाला, सोबत येतो म्हणाला." ते पोह्यांकडे गेले नाहीत. खुर्ची ओढून दाराजवळच बसले.

मग एकेक जण आत जाऊन आला. कोणी हसत, कोणी विचारात, रुसून मात्र कोणी नाही. नववी कुसुम राऊत. गावाकडे तिचा भाजीचा मळा आहे, आठवड्याला बाजारात बसते. ती बाहेर आली ती ओरडतच. "माहा पयला नंबर! अवो, थो तं मी औषधाच्या दुकानदाराले दाखवाले काढलता!" फुलकोबीचं पान, मागून ऊन. पानाच्या शिरा न् शिरा उजळलेल्या, कुरतडलेली भोकं, आणि पानापलीकडे लपलेल्या अळीची काळी सावली. काकाजी तिला म्हणाले होते, "याच्यात जे आहे थे सारं दिसते बाई." ठाकरे सरांनी टाळ्या सुरू केल्या.

शेवटी मी. खोलीत खिडकीच्या उजेडात काकाजी स्टुलावर बसले होते. माझा फोटो हातात. माझी आई, दारात बसून तूर निवडणारी, केसांची कड उजळलेली.

"नंबर नाई, ताई. आई हालली नाई. तुमी हालल्या."

"काळजीनं," मी म्हटलं. ऊन जाईल, आई उठेल, फोटो बिघडेल. खरंच मी हलले होते.

ते हसले. मग त्यांनी फोटो खाली ठेवला. मला वाटलं, झालं. मी उठणार तोच ते बोलू लागले.

"वत्सलाचा एक्स-रे मीच काढलता. छातीचा. खोकला जाऊन नव्हता राह्यला म्हनून आनलं होतं. मी फिल्म पाह्यली अन् मले समजलं. थे बाहेर बाकावर बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, साऱ्या पेशंटमधी. मले म्हने, काय दिसते जी? मी म्हनलो, डॉक्टर सांगतील."

बाहेर कुसुम कोणाला तरी अळीचं नाव सांगत होती.

"मोठे डॉक्टर सुटीवर होते. चार दिवस लागले. चार दिवस थे माह्या तोंडाकडे पाहून राह्यली, अन् मी तोंड फिरवून राह्यलो. भाजीत काय टाकू विचारे, तरी मी तोंड फिरवो. नियम होता ना ताई. पण थे भेत होती, एकटीच. मी बाजूलेच होतो."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. काकाजींनी मात्र फोटो गोळा केले, लिफाफ्यात भरले, कडा सरळ केल्या.

"अकरा झाले," ते म्हणाले. "जरा पाहा बरं, बाहेर कोनी राह्यलं का बाकावर."

मी दार उघडलं. सगळे पोह्यांच्या पातेल्याभोवती गोळा झाले होते. बाक रिकामा होता.

"कोणी नाही, काकाजी."

त्यांनी मान हलवली, पण स्टुलावरून उठले नाहीत. "नीट पाह्यलं?"

मी पुन्हा बाहेर गेले आणि बाकापाशी जाऊन, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट पाहिलं.