शेंडेफळ पहिलं आलं

जगात म्हातारा कॉम्प्युटर नसतोच, असतो तो आळशी मालक! हे वाक्य माझं स्वतःचं आहे. ते मी ऑफिसात, जिन्यात आणि न्हाव्याच्या दुकानात, म्हणजे जिथून समोरच्याला चटकन उठून जाता येत नाही अशा सगळ्या ठिकाणी ऐकवलेलं आहे.

मी बसडेपोत वेळापत्रक विभागात काम करतो. कुठली गाडी कुठे उगाच उभी राहते ते हुडकायचं आणि तिथला वेळ कापायचा, हा माझा धंदा. ड्रायव्हर-कंडक्टर माझ्याकडे कोणत्या नजरेने बघतात ते विचारू नका. पण उभी गाडी दिसली की माझ्या जिवाची तगमग होते, त्याला मी तरी काय करणार? गाडीचं सोडा, जुना कॉम्प्युटर सुरू होताना पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहतं ना, ते बघूनसुद्धा मला घाम फुटतो.

तर मी ठरवलं की शर्यत लावायची! कॉम्प्युटरचा सगळा संसार जी सांभाळते ती ऑपरेटिंग सिस्टिम विकतच घ्यायला पाहिजे असं थोडंच आहे? लिनक्सच्या कुळातल्या कितीतरी फुकट मिळतात. त्यातली जुन्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जोरात कुठली पळते ते एकदाचं सिद्ध करायचं, आणि त्यावर डेपोच्या वार्षिक अंकात लेख लिहायचा. मी तिघींना निवडलं. त्यांची नावं इतकी चमत्कारिक होती की बायको म्हणाली, "ही खोकल्यावर घ्यायची आहेत का?" म्हणून मी त्यांचं घरगुती बारसं केलं. सगळ्यात नटवी आणि वजनदार ती थोरली, तिच्याखालची मधली, आणि अंगावर मूठभर मांस नसलेलं ते शेंडेफळ.

आता शर्यतीला म्हातारे घोडे हवेत. एक माझा होता, एक ऑफिसच्या अडगळीतून उचलला. तिसरा वरच्या मजल्यावर होता. माझ्या सासऱ्यांचा!

सासरे शाळेत भूगोल शिकवायचे. आता निवृत्त आहेत आणि कॉम्प्युटरवर एकट्याने पत्ते खेळतात. सासूबाई रुग्णालयात परिचारिका होत्या, त्याही निवृत्त. एका सकाळी मी पाहणीला वर गेलो, तेव्हा सासऱ्यांनी नुकतंच बटण दाबलं होतं. खोक्यातून दळण दळल्यासारखा आवाज येत होता आणि पडदा काळाठिक्कर! त्या काळ्या पडद्यासमोर दोन खुर्च्या टाकून दोघं चहा पीत बसले होते. सासूबाई बोलत होत्या, ताईचा गुडघा, टाकीचं पाणी, खालच्या शिंपीणबाईंचं भांडण. सासरे मधूनमधून "मग?" म्हणत होते. "मग ती काय म्हणाली?" असंही एकदा विचारलं त्यांनी.

मी हे सगळं बघितलं आणि यातलं काहीही मला दिसलं नाही. मी घड्याळ बघत होतो!

"बाबा, रोज एवढा वेळ?"

"लागतो."

"आई, जीव जात असेल नाही वाट बघून?"

"छे हो जावईबापू, चहा होतो की तेवढ्यात!"

बिचाऱ्या! जुन्या पिढीला तक्रार करायचीसुद्धा सवय नाही, असं मनाशी म्हणत मी वायरी उपसायला लागलो.

"राहू द्या हो, चाललंय की," सासरे म्हणाले.

"बाबा, चालत नाहीये, रांगतंय!" मी म्हणालो, आणि खोकं काखोटीला मारून खाली आलो.

रविवारी जेवणाच्या टेबलावर शर्यत झाली. तिन्ही कॉम्प्युटर एकदम सुरू केले आणि अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. बायको बंद पडलेला मिक्सर धरून उभी! फ्यूज बसवून शर्यत पुन्हा सुरू केली. दुपारी तिने विचारलं, "अहो, जेवायचं कुठे?" मी म्हणालो, "ताट मांडीवर घे, विज्ञानासाठी एवढं तरी कर!" ती यावर काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात मधली सुरू होत होती.

निकाल सांगतो. सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर थोरली उठेपर्यंत माझी दाढी झाली. मधली उठेपर्यंत दाढीचं सामान धुऊन झालं. आणि शेंडेफळ? बटण दाबून चष्मा पुसायला घेतला, एक काच पुसली आणि पडदा लख्ख! मी तर टाळ्याच वाजवल्या. त्या आनंदात सासऱ्यांच्या कॉम्प्युटरची जुनी, घरघरणारी डिस्कही काढली आणि नवी झटपट चालणारी डिस्क बसवली. जावयाने द्यायचं तर हात आखडता कशाला? जुनी भंगारवाल्याला देऊन टाकली. नीट लक्षात घ्या, त्याआधी त्यांचे फोटो, त्यांचे नकाशे, अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डावसुद्धा मी जपून नव्या डिस्कवर आणला होता. त्यांचं काही म्हणजे काही हरवू दिलं नाही, अशा ऐटीत मी वर गेलो.

सासऱ्यांनी बटण दाबलं. सासूबाईंनी चहाचे कप आणले, खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "काल काय झालं माहितीये का..."

पडदा लख्ख!

"अरेच्चा! झाला पण?" सासरे म्हणाले आणि त्यांनी माऊस धरला. सासूबाई वाक्य अर्धं ठेवून थांबल्या. "मग?" काही आलं नाही. मला वाटलं, माझ्या कामगिरीने त्यांची वाचाच बसली! आता आठवलं की स्वतःच्याच एक थोबाडीत द्यावीशी वाटते.

काही दिवसांनी बायको वरून आली ती तोंड पाडून.

"अहो, आई फार गप्प गप्प असते."

"खेळाच्या आवाजाचा त्रास होत असेल!" मी धावत वर गेलो आणि आवाज बंद करून आलो. झालं! आता तर त्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली.

पुढच्या आठवड्यात जिन्यात सासूबाईच भेटल्या. "यांचं हल्ली लक्षच नसतं कशात," एवढंच म्हणाल्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्यासाठी आधी शहाणं असावं लागतं ना! मी अनुमान काढलं की सासरे पत्त्यांना कंटाळलेत. लगेच त्यांना बुद्धिबळ लावून दिलं, तेही जगभरातल्या लोकांशी खेळायचं! मग काय विचारता! सासरे तोंडात ब्रश घेऊनच खेळायला बसायला लागले. कुठल्याशा देशातल्या कुणा दंतवैद्याने त्यांचा वजीर मारला, त्या दुःखात ते दिवसभर जेवले नाहीत. चहा शेजारी ठेवला जायचा आणि साय धरून परत जायचा.

आणि मग एका दुपारी सासरे खाली आले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात रिकामा कप.

"ही तुमच्याकडे आहे का?"

"कोण, आई? नाही," बायको म्हणाली.

"दारात तिच्या चपला नाहीत."

"बाबा, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय जाईल का कुठे?"

"सांगितलं असेल."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

सासऱ्यांनी रिकाम्या कपात डोकावून बघितलं. "हं म्हणालो असेन," ते म्हणाले.

बायकोने मावशीला, म्हणजे सासूबाईंच्या ताईला, फोन लावला. सासूबाई तिथेच होत्या, बॅग भरून गेल्या होत्या. फोनवरचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. "सांगून आलेय! म्हटलं, ताईकडे चाललेय, परत कधी येईन ते माहीत नाही. हे म्हणाले, हं. मला वाटलं ऐकलं नाही, म्हणून परत सांगितलं. परत हं! भिंतीला सांगून निघाले असते तर निदान पाल तरी चुकचुकली असती!"

बायकोने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन करायची माझी प्राज्ञा नाही.

आम्ही तिघंही तडक निघालो. स्टँडवर पोचलो तेव्हा बस उभी होती. सासरे त्या वयात पळाले हो! हात वर करून, एक चप्पल फरफटत पळाले. दाराशी पोचणार एवढ्यात कंडक्टरने बेल मारली आणि गाडी सुटली.

"ही इथे थांबायची ना थोडी?" सासरे धापा टाकत म्हणाले. "आपली माणसं दिसली की थांबायची."

तिथे थांबायचा तो वेळ गेल्याच महिन्यात मी कापला होता. पुढची गाडी येईपर्यंत तिघं बाकावर बसलो. सासरे रिकामा कप अजून हातात धरून होते, घरी ठेवायचं भानच राहिलं नव्हतं त्यांना.

मावशींच्या घरी सासूबाई बाहेरच्या खोलीतच होत्या. सासऱ्यांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. बोलल्या त्या माझ्याशी.

"जावईबापू, तुमचा राग नाही हो. तुम्ही चांगल्या मनानेच केलंत. पण नोकरीत असताना यांच्या वह्या तपासायच्या आणि माझ्या रात्रपाळ्या. बोलायला वेळच नव्हता कधी. मग तो कॉम्प्युटर आला. तो सुरू होईपर्यंत हे माझे असायचे. बघायला दुसरं काही नसायचंच ना यांना! रोज तेवढं बोलून घ्यायचे मी. दिवसभर पुरायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भूतलावरच्या सगळ्या फायली सांभाळल्या होत्या मी, आणि त्या बाईचा तेवढा वेळ भंगारवाल्याला वजनावर दिला होता! "आई," मी म्हणालो, "मी तो परत हळू करून देतो. शब्द देतो!"

मावशी हसायला लागल्या. सासूबाई हसल्या नाहीत, पण बॅग उचलली.

पुढचा अख्खा रविवार मी तो कॉम्प्युटर हळू करण्यात घालवला. पुन्हा शर्यत, पण उलटी! शेंडेफळाची उचलबांगडी करून थोरलीला बसवलं. तिच्या अंगावर होते नव्हते ते सगळे दागिने चढवले, हलती चित्रं चढवली, नाचणारी घड्याळं चढवली. कॉम्प्युटरच्या मेमरीची एक पट्टी काढून खिशात टाकली. कशाचा म्हणून उपयोग नाही! ती नवी डिस्क इतकी हुशार की थोरलीलासुद्धा कडेवर घेऊन पळायला लागली. चहाचं पाणी गरम होत नाही तोवर पडदा तयार! म्हातारा घोडा पळवणारे खूप भेटतील, पण पळणारा घोडा परत म्हातारा करणारा अजून जन्माला यायचाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वर जमलो. सासूबाईंनी चहा आणला. सासऱ्यांनी बटण दाबलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, हळू, बाई, हळू! आणि पडदा लख्ख! नाचणाऱ्या घड्याळासकट!

मी मान खाली घातली. बायकोने कपाळावर हात मारला.

सासरे उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी पडद्यावर टाकला, खुर्ची सासूबाईंकडे फिरवली आणि म्हणाले, "अजून वेळ लागेल त्याला. ताईच्या गुडघ्याचं काय झालं?"

"मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"तेव्हा हा लवकर सुरू झाला होता."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. "मग?" सासरे म्हणाले. आम्ही दोघं हळूच खाली आलो.

आता सगळं पूर्वीसारखं झालं असं मी सांगितलं असतं, पण ते खरं नाही. टॉवेल रोज पडतो. पण सासूबाई सांगतात की टॉवेलाखालून बुद्धिबळाचा उजेड दिसतो आणि यांची नजर अधूनमधून तिकडे जाते. पूर्वी तो वेळ आपोआप मिळायचा, आता रोज तो सासऱ्यांना ठरवून द्यावा लागतो. देतात बिचारे. पण माझ्यामुळे द्यावा लागतो, हे माझ्या मनातून जात नाही. स्टँडवर थांबायचा वेळ मी परत वेळापत्रकात घातलाय. कंडक्टर हल्ली मला नमस्कार करतो.

राहिला वार्षिक अंकातला लेख. त्याऐवजी हेच लिहून देतोय. शेंडेफळाला टाकून द्यायचं जिवावर आलं, म्हणून ते माझ्या कॉम्प्युटरवर बसवलं, आणि काय पळतं म्हणून सांगू! बसलो की सुरू, इकडे मनात वाक्य यायच्या आत तिकडे पडदा तयार. लिहिण्यात असा काही रंगलो होतो की मगाशी बायको दारात येऊन काहीतरी सांगून गेली, तेही धड कानावर आलं नाही. मी "हं" म्हणालो. बहुतेक दोनदा म्हणालो.

थांबा जरा, उठून बघतो. दारात तिच्या चपला दिसत नाहीत!