टेबलावरचा कान

माइकवरचा मोजा त्या रविवारी जागेवर नव्हता. करड्या रंगाचा, उजव्या पायाचा, टाचेला विरलेला तो मोजा गेले सहा रविवार त्या काडेपेटीएवढ्या वाटोळ्या माइकवर चढवलेला असे. छताच्या पंख्याचा वारा माइकमध्ये शिरून बोलण्याचा चुथडा करू नये, एवढेच त्याचे काम. चौघांनी तो टेबलाखाली शोधला, सोफ्याच्या फटीत शोधला, शेवटी एकमेकांच्या पायांतही शोधला.

"राहू दे रे कानसेन," बेकरीवाला म्हणाला. "एक दिवस उघडाबोडका चालेल. नाहीतरी आपण इथं उघडं बोलायलाच जमतो."

कानसेन हे मित्रांनी ठेवलेले नाव. तो कानाच्या यंत्रांच्या दुकानात तंत्रज्ञ होता. माणसांच्या कानांत डोकावायचे, त्यांच्या हातून निसटलेल्या आवाजांची मापे घ्यायची आणि तेवढे आवाज त्यांना परत मिळवून द्यायचे, हा त्याचा धंदा. दिवसभर तो लोकांना ऐकायला शिकवी आणि घरी आला की स्वतःला बोलायचे असलेले एक वाक्य गिळून झोपी जाई. त्या वाक्याला आता आठ महिने झाले होते.

ते वाक्य समोरच्या खुर्चीत बसले होते. तिला सगळे फिजिओ म्हणत, कारण ती लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे सोडवून देई. घटस्फोट झालेली, सहा वर्षांच्या मुलीची आई. कानसेनला तिच्याशी लग्न करायचे होते, तिलाही करायचे होते. आईबाबांच्या लेखी मात्र ती 'रविवारी येणाऱ्यांपैकी एक' एवढीच होती.

चौथी होती वकीलबाई. दर रविवारी दुपारी चार वाजता या बैठकीच्या खोलीत जमायचे, समाज, नाती, आपण नेमके कोण या विषयांवर आडपडदा न ठेवता बोलायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि पुढे लोकांना ऐकवायचे, ही कल्पना तिचीच. नियमही तिनेच टाइप करून भिंतीला चिकटवले होते. मुद्रण मध्येच थांबवायचे नाही. कुजबुज नाही, चिठ्ठ्या नाहीत. चिठ्ठी सापडल्यास मोठ्याने वाचली जाईल. चाळीस भाग झाले होते आणि एकही बाहेर पडला नव्हता, कारण प्रत्येक भागात कुणाच्या तरी आईने ऐकू नये असे एक वाक्य हमखास निघे.

"आजचा विषय," वकीलबाईने टेबलावर टिचकी मारली, "घरी सांगायचं कधी. बेकरी, तू सुरू कर."

"माझं मागच्या महिन्यात झालं की. ताईला सांगितलं, मला मुली आवडत नाहीत, मुलगे आवडतात. ती म्हणाली, ते माहितीये, आधी भट्टीकडे बघ, पाव करपतायत." तो हसला. "आईला नाही सांगितलं अजून. तिच्यासमोर गेलं की माझा घसा भिजवलेल्या मैद्यासारखा होतो."

"मग आता कानसेन," फिजिओ म्हणाली. रुग्णाला गुडघा उचलायला सांगावा तितक्या शांतपणे ती पुढे म्हणाली, "आज तारीख सांग. हवेतलं नको. नाहीतर पुढच्या रविवारपासून मी येणार नाही. भांडत नाहीये मी. दमले फक्त."

कानसेनने उत्तरासाठी खाली पाहिले. अशा वेळी माणूस कुठेतरी पाहतोच. आणि उघड्या पडलेल्या माइकच्या कडेला त्याला दिवा दिसला. निळा.

दिवसातून दहा वेळा तो ग्राहकांना समजावी: हा माइक टेबलावर ठेवायचा, म्हणजे चार माणसांतले बोलणे थेट कानातल्या यंत्रात जाते. हिरवा दिवा म्हणजे माइक चालू. निळा दिवा म्हणजे यंत्र कानात आहे आणि तो कान ऐकतो आहे.

हा माइक त्याने बाबांसाठी आणला होता, यंत्रांच्या जोडीसकट. बाबा निवृत्त ड्राफ्ट्समन. आयुष्यभर इतरांच्या घरांचे नकाशे काढताना त्यांचे कान कधी मंदावले ते त्यांनाही कळले नव्हते. पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्रे काढून डबीत घातली. "यातून मला माझंच चावणं ऐकू येतं," म्हणाले, आणि डबी खणात गेली. डबीत ठेवले की यंत्र बंद पडते, ही धंद्यातली साधी गोष्ट. तेव्हा माइक वाया कशाला घालवा, म्हणून कानसेनने तो आपल्या कार्यक्रमाला लावला. मोज्यात घालून. दिव्यासकट.

बाबांची खोली भिंतीपलीकडे होती. दार किलकिले होते.

त्याच्या मनात सहा रविवार एकदम उभे राहिले. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला होता, बाबांचं मन त्यांच्या नकाशासारखं आहे, खिडकी कुठे ते आधीच ठरलेलं. त्याचा हात नकळत माइकच्या बटणाकडे गेला.

"आँ," वकीलबाईने माइक उचलून मुठीत धरला. "नियम पहिला. थांबवणारा लपवतोय असं धरलं जाईल."

ऐकताहेत हे मोठ्याने सांगावे, तर ऐकणाऱ्याला कळणार की आपल्याला कळले. न सांगावे, तर फिजिओ पुढचे वाक्य बोलणार. कानसेनने वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, घाईघाईत चार शब्द खरडले आणि बेकरीवाल्याच्या मांडीवर सरकवले.

"नियम दुसरा," वकीलबाईने तो कपटा तिथून अलगद उचलला आणि साक्षीदाराचा जबाब वाचावा तसा वाचला. "बाबांबद्दल काहीतरी चांगलं बोला."

वर पंखा आपल्या जुन्या दुखण्यासह कुरकुरत राहिला.

"चांगलं?" बेकरीवाला गोंधळला. "मागच्याच रविवारी तू म्हणालास ना, बाबांना सांगण्यापेक्षा फ्रीजला सांगणं सोपं, तो निदान आतून दिवा तरी लावतो?"

"मी असं कधी म्हणालो?" कानसेनचा आवाज अचानक लग्नाच्या निमंत्रणासारखा गोड आणि सुवाच्य झाला. तो वकीलबाईच्या मुठीच्या दिशेने बोलत होता. "माझे वडील अत्यंत समजूतदार गृहस्थ आहेत. त्यांच्या मनात सगळ्यांसाठी जागा असते."

"याला ताप आहे," वकीलबाई म्हणाली.

"ताप नाही, घाबरलाय," बेकरीवाल्याने निदान केले. "अरे, तुझ्याच घरात तुला आईकडून तरी काही शिकता येईल. तूच सांगत होतास ना, काकू हल्ली किती बदलल्यात."

ते खरे होते. गेला महिनाभर आईने घरात एक अबोल बंड मांडले होते. 'ज्यानं प्यायला त्यानं धुवावा' असे म्हणून ती बाबांचा कप त्यांच्यासमोर ठेवून निघून जाई. तिने गाडी शिकायचा वर्ग लावला. आणि आठवड्यापूर्वी कुठलेही कारण न देता बैठकीच्या खोलीतले लाकडी कपाट आतल्या खोलीत नेऊन इथली अख्खी भिंत मोकळी केली. ते सरकवताना बाबांची पाठ धरली होती. "तुझ्या आईला झालंय काय?" ते कण्हत विचारत होते. "हे असलं शिकते कुठं?"

"विषय बदलू नका," फिजिओ म्हणाली. "तारीख."

"कसली तारीख?"

"लग्नाची बोलणी करायची."

"कुणाच्या?" कानसेन म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळले की हे वाक्य आता थांबणार नाही, उतारावरून सुटलेल्या हातगाडीसारखे ते खालपर्यंत जाणार. "आपण तर नुसते मित्र आहोत. चौघंही. फक्त मित्र."

फिजिओने त्याच्याकडे पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. डॉक्टरांनी कापायला सांगितलेल्या बोटाकडे माणूस शेवटचे पाहतो, तसे पाहिले. मग तिने खुर्चीच्या पाठीवरची पिशवी खांद्याला लावली.

"नोंद झाली," ती वकीलबाईला म्हणाली. "चाळिसावा भाग बाहेर काढा हवं तर. माझी हरकत नाही."

"एक्केचाळिसावा," वकीलबाई पुटपुटली, पण तिचाही आवाज उतरला होता.

फिजिओ चपला घालत होती. डावी घातली. उजव्या चपलेचा पट्टा नेहमी अडकायचा, आजही अडकला, आणि त्या अडकलेल्या तीन-चार क्षणांत कानसेनचे सबंध आयुष्य उभे होते. तो उठला, वकीलबाईच्या मुठीतून माइक काढून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"बाबा," तो म्हणाला. आवाज साधा होता, पहिल्यांदाच. "तुम्ही ऐकताय, मला दिसतंय. आत्ता खोटं बोललो मी. ही नुसती मैत्रीण नाही. हिचं आधी लग्न झालेलं, मोडलेलं, हिला मुलगी आहे, आणि मला या दोघींसोबत राहायचंय. दिवसभर मी लोकांच्या कानांत आवाज घालतो, पण तुमच्यापुढं माझा स्वतःचा फुटत नाही. घाबरतो म्हणून नाही. म्हणजे, घाबरतो म्हणूनच. तुम्ही नाही म्हणालात तरी मी करणार आहे. पण तुम्ही हो म्हणालात तर मला फार बरं वाटेल. एवढंच. तारीख आजची."

चपलेचा पट्टा सुटला होता, पण उजवे पाऊल आत गेले नाही.

कानसेन माइक हातात घेऊन भिंतीपलीकडे गेला. तिघे त्याच्या मागोमाग. बाबा खिडकीशी बसून शब्दकोडे सोडवत होते. त्यांनी मान वर केली. दोन्ही कान रिकामे, स्वच्छ, दुपारच्या उन्हात गुलाबी दिसत होते.

"काय रे?" ते खेकसले. "चौघं दारात का उभे? काही जळलं का?"

"तुम्ही... ऐकलं नाही?"

"काय? मोठ्याने बोल."

कानसेनने माइककडे पाहिले. दिवा निळाच होता.

"चहा झालाय," मागून आवाज आला. स्वयंपाकघरातून आई ट्रे घेऊन येत होती. तिने केस आज कानांच्या मागे घट्ट बांधले होते, आणि दोन्ही कानांवर दोन करडी यंत्रे, दागिना मिरवावा तितक्या सहजपणे बसली होती. "हा बिनसाखरेचा तुझा," ती फिजिओला म्हणाली. "मागच्या रविवारी सोडलीस ना साखर."

फिजिओने साखर सोडल्याचे त्या चौघांपलीकडे कुणालाही माहीत नव्हते.

"आई," कानसेनच्या तोंडून कसेबसे निघाले, "केव्हापासून?"

"पहिल्या रविवारपासून. खण आवरत होते, वाटलं घालून बघावं. तर तुम्ही सगळे कानातच येऊन बसलात. भाजी निवडता निवडता ऐकायचे." तिच्या बोलण्यात अपराधाचा लवलेश नव्हता. "डोळे वटारू नकोस, माहितीपत्रक वाचलंय मी, आवाज चार पायऱ्या कमी केलाय. आणि तो मोजा मीच धुवायला टाकला. त्यातून सगळं घशात कापूस कोंबल्यासारखं यायचं."

"काकू, हे खासगीपणाचं उल्लंघन आहे," वकीलबाई म्हणाली.

"आहेच. पण लोकांना ऐकवायचं म्हणून बोलत होतात ना? चाळीस भागांना 'लोक' म्हणून मी एकटीच मिळाले." मग ती बेकरीवाल्याकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "तुझ्या आईला मी काही बोललेले नाही, बोलणारही नाही. ते तुझं. पण ती बाई मऊ आहे रे. घाबरण्यासारखी नाही."

बेकरीवाल्याने मान हलवली आणि चहाचा कप उगाचच दोन्ही हातांनी धरला.

"आणि तू," आईने फिजिओला सांगितले, "ती चप्पल काढ. पुढच्या रविवारी लेकीला घेऊन ये. भिंतीवर चित्रं काढते म्हणून घरमालक ओरडतो म्हणालीस ना? ती बाहेरची भिंत तिच्यासाठी मोकळी केलीये."

बोलण्यात चाळीस रविवार घालवलेल्या माणसांना गप्प बसणे त्या दिवशी प्रथमच नीट जमले.

"कुणी मला सांगेल का, चाललंय काय?" बाबा म्हणाले.

आईने ट्रे ठेवला, कानांवरची यंत्रे उतरवून पदराने पुसली आणि विरोधाला वाव न देता बाबांच्या कानांत बसवली. "आता सांग," ती मुलाला म्हणाली. "मघाशी सांगितलंस तसंच. फ्रीजचं सोडून."

कानसेनने सांगितले. दुसऱ्या खेपेला ते अवघड जाईल असे त्याला वाटले होते, गेलेच. बाबांनी सगळे ऐकले. फिजिओकडे पाहिले, दारापलीकडच्या मोकळ्या भिंतीकडे पाहिले, आणि त्यांचा हात सावकाश आपल्या कमरेकडे गेला.

"म्हणजे कपाट त्यासाठी सरकवलं," ते म्हणाले. "आधी सांगितलं असतं तर मी कुरकुरलो नसतो." मग फिजिओकडे वळले. "मुलगी उजव्या हाताने काढते का डाव्या?"

"डाव्या," फिजिओ म्हणाली.

"मग उजेड उजवीकडून हवा. दिवा बदलावा लागेल." त्यांनी कोड्याच्या कडेलाच पेन्सिलने भिंतीचा नकाशा काढायला घेतला. मग थबकून कान टवकारले. "हा पंखा एवढा कुरकुरतो रोज?"

"रोज."

"राहू देत ही कानात. बरी आहेत."

आईने त्यांच्यापुढे हात पसरला नाही, घाईही केली नाही. कप गोळा करता करता फक्त म्हणाली, "सहा दिवस खुशाल घाला. रविवारी चार ते सहा माझी."