हिराकाकी तांदूळ निवडते

हिराकाकी रेशनच्या तांदळाचा एकेक दाणा उन्हाला धरून बघते. आमच्या उरणकडे मुलगी बघायला आलेली मंडळीही एवढं निरखत नाहीत. ती ओटीवर सूप घेऊन बसली की येणाऱ्या-जाणाऱ्याने वळसा घालून जायचं, कारण उजेड अडवलेला तिला खपत नाही.

तिचा संशय असा की, या तांदळात प्लास्टिक मिसळतात. फिकट पिवळे, जरा जास्तच एकसारखे दाणे ती वेचून कोंबड्यांना टाकायची. एकदा तिने एक दाणा चुलीत जाळून वासही घेतला. प्लास्टिकचा वास आला नाही, तर म्हणाली, चांगल्या कंपनीचं असेल. कोंबड्या मजेत खातात म्हटलं, तर कोंबडी साबणही खाते, हे उत्तर.

बांध फुटून शेतात खाडीचं पाणी शिरलं, त्याआधी तिच्या घरी वर्षाचा तांदूळ कणगीत असायचा. आता घर रेशनवर चालतं. ते फुकट मिळतं म्हणून दोन वेळा चूल पेटते, हे ती मान्य करायची. पण फुकटचं म्हणून वाटेल ते गिळायचं, हे तिला मंजूर नव्हतं. "मी उभा जलम भात लावलाय बाय. ह्यो दाना शेतातला न्हाय," असं मला बजावायची.

गंमत म्हणजे ते खरं होतं. मी अंगणवाडीत काम करते. बायका-पोरांत रक्त कमी, म्हणून लोह घालून केलेले दाणे तांदळात मिसळतात, हे आम्हाला शिकवलेलं. काकीला एकदा ओझरतं सांगितलं, तिने उडवून लावलं. मग मीही नाद सोडला. उलट तिची नक्कल करून हशा मिळवायचे.

गणपतीनंतर तिची सून सुनंदा सातव्या महिन्यात चक्कर येऊन पडली. तपासणीत रक्त फारच कमी निघालं. नर्सबाईंनी गोळ्या दिल्या, बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा म्हणून बजावलं. त्या दिवशी मी काकीसमोर बसून ते दाणे कशाचे, ते नीट सांगितलं. माझा आवाज चढला होता. राग तिच्यावर होता की स्वतःवर, कुणास ठाऊक.

काकी सुपाकडे बघत राहिली. "म्हंजे पोरीच्या तोंडातला घास मीच काढून घेतला व्हय," एवढंच म्हणाली. मला रडू आलं. नकला करण्याऐवजी पाच मिनिटं तिच्याजवळ बसले असते तर.

दुसऱ्या दिवशी गेले, तर काकी पुन्हा सूप घेऊन निवडतेय. मी कपाळाला हात लावला. पाहते तर वेचलेले दाणे वाटीत. सुनंदाचा भात वेगळ्या टोपात शिजणार होता, आणि घरातल्या सगळ्यांच्या वाटणीचे दाणे त्यात जाणार होते. असं करायचं नसतं, सगळ्यांनीच खायचं असतं, मी समजावलं.

"माज्या हाडांना आता कशाला ताकद? ती दोन जिवांची हाय."

दाणे वेचणाऱ्या तिच्या बोटांची नखं पांढरीफटक होती. मी पिशवीतून रक्तवाढीच्या गोळ्यांचं एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं, हे तुझ्यासाठी, असं दोनदा सांगून. तिने मान डोलावली, उठली आणि ते आत सुनंदाच्या उशाशी नेऊन ठेवलं.