दाजी चढले हो!

हृषीकेशरावांनी मनाशी एवढंच ठरवलं : यंदाच्या दिवाळीला सासरी स्वतःच्या चाकांवर जायचं.

सासर उजनीच्या पाण्याकाठचं. गावात शिरायला काळ्या मातीची चढण, तिच्यावर केळीच्या पाटाचं पाणी कायम सांडलेलं. रावांची मोटार (म्हणायला टर्बोची!) दरवर्षी तिथं रुतायची. मग मेव्हणा शिवराज ट्रॅक्टरला दोर बांधून जावयाला वाजतगाजत घरी न्यायचा. सोलापूरच्या ऑफिसात शिपायालासुद्धा दरडावणारा माणूस, काचेआड मान खाली घालून बसायचा.

म्हणून गुरुसिद्धप्पा मेस्त्रीनं लॅपटॉप जोडून इंजिनाचा जोर वाढवून दिला.

"सायेब, टर्बो म्हंजे जावई बघा. आधी सुस्त. एकदा वारं भरलं की कुणाचं ऐकत न्हाय. लांबून पळवत आणा."

चढणीखाली पोचल्यावर बायकोनं, ऋतुजानं, दार उघडलं.

"अगं, यंदा उतरायचं नाही!"

"दरवर्षी हेच म्हणता. साडी नवी आहे माझी." बाईसाहेब माहेरच्या मळ्याकडं पायवाटेनं चालू लागल्या.

रावांनी गाडी लांबवर मागं घेतली, सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि पाय दाबला. टर्बोनं शीळ घातली. गाडी कुत्रं मागं लागलेल्या शेरडागत चढली ती थेट सासऱ्यांच्या अंगणात!

घराला कडी. माणूस नाही. फोन मात्र वाजला.

"दाजी, कुटं हाय? आमी आत्ता मळ्यातनं निघालोय, ताईबी हितंच हाय. दोर, हलगी, समदं घिऊन."

"मी घरी पोचलो!"

"व्हय, आन मी दिल्लीला पोचलो."

"ताईला विचार की!"

"ताई म्हनती, मी पाठमोरी व्हते."

मग सासरे रामहरी फोनवर आले. "जावईबापू, खरं असंल तर खाली या आन पुन्यांदा चढून दावा. आमी पब्लिक घिऊन पोचतोच."

इज्जतीचा सवाल! कुणी पोचायच्या आतच राव खाली आले, गाडी वळवली. पळवत आणायला मागं सरकावं, तोवर मागं ट्रॅक्टर येऊन थांबलेला, त्यामागं हलगी, त्यामागं सगळं गाव. जागच्या जागीच पाय दाबला. टर्बो आधी झोपलेला, मग एकदम खडबडून उठला. चाकं गरगरली. पहिला चिखल शिवराजच्या नव्या शर्टावर, दुसरा सासऱ्यांच्या फेट्यावर, उरलेला गावाला प्रसादासारखा. गाडी पोटापर्यंत आत.

दोर बांधला. हलगी कडाडली. राव आत बसून, "चढलो होतो हो, खरंच!" म्हणत राहिले. लोक "व्हय व्हय" म्हणत राहिले.

वरात अंगणात शिरली आणि सासूबाई बजाबाई ओरडल्या, "थांबा!"

सकाळी घातलेल्या त्यांच्या रांगोळीवरनं टायरचे दोन पट्टे आरपार गेलेले.

हलगी बंद पडली. शिवराज पट्टे बघतोय, दाजींचे टायर बघतोय. "आयला... दाजी चढले व्हते!"

टाळ्या पडल्या. ऋतुजा पहिल्यांदाच नवऱ्याकडं कौतुकानं बघून हसली. रावांची छाती फुगली. बजाबाईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि हळूच, लई मायेनं विचारलं,

"पर जावईबापू, घरी पोचला व्हता, तर परत चिखलात कशापायी गेला वो?"