फेरोशस दर्जाचा खडू

कोणत्याही कार्यालयाची प्रगती त्याच्या कामावरून नव्हे, तर त्याच्या विशेषणांवरून मोजावी लागते. या कसोटीवर पाणीपुरवठा खात्याच्या त्या तक्रार कार्यालयाला तोड नव्हती. पाणी अजून दुसऱ्या मजल्यावर चढले नव्हते, पण इंग्रजी केव्हाच गच्चीत पोचले होते.

याच कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनाची बदली मंजूर झाली आणि तो बायको-मुलीकडे कायमचा निघून गेला. मात्र असे काही घडलेलेच नाही, असे कार्यालयाचे लेखी म्हणणे आहे. तेव्हा आपणही तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसलाय असे धरून पुढे जाऊ.

मुख्य कार्यालयाचे परिपत्रक सुटसुटीत होते. रोज एक इंग्रजी शब्द जिन्याजवळच्या फळ्यावर लिहावा, प्रत्येकाने तो दिवसातून तीनदा बोलावा, आणि ज्या कागदात आजचा शब्द नसेल तो कागद परत करावा. पहिला शब्द शिपाईकाकांनी टपोऱ्या अक्षरात लिहिला : फेरोशस. खाली अर्थही लिहिला होता, पण तो साहेबांच्या ओल्या छत्रीने सव्वादहालाच पुसून नेला. खडूही तेवढाच होता.

नवा खडू मागवायला पत्र लिहावे लागले. पत्रात आजचा शब्द असणे भाग होते, म्हणून लिहिले, "वी नीड वन फेरोशस चॉक." भांडारातून उत्तर आले की फेरोशस दर्जाचा खडू साठ्यात नाही, साधा चालेल का ते कळवावे. कार्यालयाने तत्परतेने कळवले, "ऑर्डिनरी चॉक इज ऑल्सो फेरोशस." भांडाराने तज्ज्ञ समिती नेमली. त्याला आठ महिने झाले. फळ्यावरचा आजचा शब्द अजून आजचाच होता.

अर्थ कोणी विचारला नाही, कारण विचारणे म्हणजे येत नाही असे कबूल करणे. शब्द मात्र सगळ्यांच्या तोंडी बसला. सकाळी "फेरोशस मॉर्निंग, सर," दुपारी "फायलीचं काम फेरोशस चाललंय."

"काका, चहा फेरोशस झालाय हं आज," टायपिस्ट बाई म्हणत.

"मग! साखर मी स्वतः घातलीय," शिपाईकाका लाजून म्हणत.

आठ महिन्यांत हा शब्द एकूण अकरा हजार चारशे आठ वेळा वापरला गेला. त्यांपैकी बरोबर : एकदा. (एक जुने हेडक्लार्क वारले, तेव्हा शोकपत्रात लिहिले होते, "ही वॉज अ फेरोशस हजबंड." त्यांच्या पत्नीने ते पत्र चौकट करून भिंतीवर लावले. शाळेत इंग्रजी शिकवत त्या.)

आवक-जावक कारकुनाचे दुखणे वेगळे होते. बायकोची नोकरी दुसऱ्या गावी, दोन वर्षांची मुलगी तिच्याजवळ, आणि हा महिन्यातून एका रविवारी हजर. मागच्या रविवारी ही चिमणी दारात आली, त्याच्याकडे नीट बघितले आणि आत वळून ओरडली, "आई, काका आले!"

त्यातला आदरार्थी 'आले' त्याला जास्त लागला.

"मनावर घेऊ नकोस रे," बायको फोनवर म्हणाली. "उलट बरंय. हल्ली चावते ती. पण फक्त घरच्यांना. मला चावते, आजीला चावते. पाहुण्यांशी अगदी शहाण्यासारखी वागते."

त्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले. कुठे ओरखडाही नव्हता.

त्या गावच्या कार्यालयात एक जागा रिकामी झाली होती. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत. त्याने गुरुवारी मन ओतून अर्ज लिहिला. साहेबांनी तो वाचला, डोळे पुसले आणि परत दिला.

"फार हृदयस्पर्शी आहे. पण आजचा शब्द कुठाय?"

"सर, यात तो बसत नाही."

"अहो, चॉकमध्ये बसला, तुमच्या संसारात नाही बसणार?"

टायपिस्ट बाईंनी मशीनमध्ये कागद सरकवला. "मुलीबद्दल लिहू या. मुलीबद्दल चांगलंच लिहावं. 'माय डॉटर इज टू इयर्स ओल्ड अँड व्हेरी फेरोशस.' कसं वाटतं?"

"गोड वाटतं," तो म्हणाला.

मुख्य कार्यालयात शब्दकोश होता. (ही गोष्ट तिथेही त्याच आठवड्यात उघडकीस आली.) सोमवारी आदेश आला : "सदर कन्या अत्यंत हिंस्र असल्याचे कळते. नागरी वस्तीस धोका पोचू नये म्हणून तिला आवरणाऱ्या इसमाची तेथे तातडीने व कायम बदली करण्यात येत आहे. तोंडाला जाळी बांधण्याचा खर्च खाते देणार नाही."

त्याने आदेश दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि थेट स्टँड गाठला. आदेशाची नोंद आवक नोंदवहीत व्हायला हवी होती. ती नोंद आवक-जावक कारकुनाने करायची असते. तो निघून गेला होता. नोंद नाही म्हणजे आदेश नाही, आणि आदेश नाही म्हणजे तो गेलेला नाही. साहेबांनी त्याची रोजची हजेरी लावायचे ठरवले. तो उशिरा आल्याची तक्रार अद्याप एकही नाही.

इकडे त्याने बॅगेसकट दार वाजवले. चिमणी दारात आली. त्याच्याकडे नीट बघितले. मग त्याच्या डाव्या हाताची करंगळी धरली आणि कडकडून चावली.

"आई गं!" तो ओरडला, आणि तसाच उंबऱ्यावर बसून हसत राहिला. "बघ, बघ! मला चावली!"

बरोबर वापर : दोनदा.

सबब, वाचकांस नम्र विनंती की, त्यांनी गेल्या आठवड्यात चहा, सदरा, भाचीचा नाच आणि शेजाऱ्यांचा नवा सोफा यांबद्दल उच्चारलेल्या 'अमेझिंग', 'ऑसम' व 'क्रेझी' या शब्दांचे अर्थ, शब्दकोश न उघडता, तीन प्रतींत या कार्यालयाच्या आवक-जावक कारकुनाकडे समक्ष जमा करावेत, आणि पोच मिळेपर्यंत हे शब्द वापरू नयेत. अर्जात आजचा शब्द असावा. तो फळ्यावर आहे.